वांगाचा मार्चएंड

जळगावात त्या काळी उन्हाला कोणी हवामान म्हणत नसे. होळी झाली की ते एखाद्या दूरच्या काकासारखं घरात यायचं, ओसरीवर पाय पसरायचं आणि मृग लागेपर्यंत हलायचं नाव घ्यायचं नाही. त्याच्याशी भांडायचं नाही, माठ भरून ठेवायचा आणि आपली कामं करत राहायचं, अशी रीत होती. ज्यांच्याकडे पंखा होता त्यांना लोक मान देत. जे तो दुपारी लावत, त्यांच्या प्रकृतीची मात्र हळू आवाजात चौकशी होई.

अशा त्या अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, सरकारी कचेरीतले हेडक्लार्क लीलाधर नेरकर यांनी आपल्या पत्नीचं वांग घालवायचं मनावर घेतलं.

वांग म्हणजे गालांवरचे काळसर डाग. धाकट्याच्या बाळंतपणानंतर ते सुनंदाबाईंच्या गालांवर आले आणि पागडी न देता राहिलेल्या भाडेकरूसारखे तिथेच स्थायिक झाले. लीलाधररावांना ते कधी दिसलेही नव्हते. लग्नाला वीसेक वर्षं झालेला नवरा बायकोचा चेहरा भिंतीवरच्या घड्याळासारखा बघतो. वेळ कळते, काटे दिसत नाहीत. पण एक दिवस शेजारच्या मंजुळाबाईंशी बोलताना सुनंदाबाई म्हणाल्या, "यंदाही आखाजीला धुळ्याला जायचं नाही असं ठरवलंय." आणि लीलाधररावांच्या हातातला पेपर खाली आला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतर मुलखात त्या दिवशी लोक आमरस खातात आणि झोपतात. खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात. कडुलिंबाच्या फांदीला झोके बांधायचे, गौराई बसवायची, सासरच्या माणसांची नावं न घेता त्यांचा उद्धार करणारी गाणी म्हणायची आणि आठवडाभर कोणाचीही सून नसायचं. सुनंदाबाईंना अशी आखाजी कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. कधी सासूबाईंचं दुखणं, कधी मुलांच्या परीक्षा. या वर्षी मात्र धुळ्याहून भावाचा निरोप आला होता, की गल्लीतल्या कुसुमलता, भागाबाई आणि ताईबाई या तिघीही येणार आहेत. ह्या चौघी लहानपणी एकाच झोक्यावर बसत आणि एकदमच पडत.

"मग जायचं नाही म्हणजे काय?" लीलाधररावांनी विचारलं.

सुनंदाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "लहानपणी मला त्या साय म्हणायच्या. दुधावरची साय. आता हे थोबाड घेऊन जाऊ? त्या बघतील आणि काही बोलणार नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला नको."

हे लीलाधररावांना लागलं. एक तर बायको खरंच खंतावलेली दिसत होती. दुसरं म्हणजे, धुळ्यात ते वांग कोणाच्या नावावर मांडलं जाईल, हे त्यांना कचेरीतल्या अनुभवावरून नीट माहीत होतं. मुलगी दिली तेव्हा साय होती. परत आली तेव्हा हे. मधल्या काळात ताबा कोणाकडे होता?

त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "तू आखाजीला जाणार. आणि स्वच्छ चेहऱ्याने जाणार. हे काम माझ्याकडे."

कचेरीत हे वाक्य ऐकल्यावर लोक त्या कामाची आशा सोडत. सुनंदाबाईंना कचेरीची माहिती नव्हती.

*

जळगावात कातडीचे एक नवे डॉक्टर मुंबईहून शिकून आले होते. वय कोवळं, मिशी त्याहून कोवळी. दवाखाना भर बाजारात आणि पाटी अशी ठळक, की समोरच्या चहाच्या दुकानात बसलेल्यांना चष्म्याशिवाय वाचता यावी: 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ'. दोन्ही विषय एकाच दाराने आत जात. कोण कुठल्या विषयासाठी आलं आहे, हे ठरवायचं काम चहाच्या दुकानाकडे होतं.

सुनंदाबाई आधी आत गेल्या आणि लीलाधरराव सायकल लावत असतानाच चहाच्या दुकानातून त्यांच्या कचेरीतले दोन सहकारी त्यांच्याकडे बघताना दिसले. दिसू नये म्हणून लीलाधरराव इतके झटकन वळले, की ते सगळ्यांनाच दिसले. मग काहीतरी बोलणं भाग होतं. ते दारातूनच मोठ्यांदा ओरडले, "मिसेसच्या वांगासाठी आलोय!"

ज्याला कोणी काही विचारलेलं नाही त्याने दिलेलं उत्तर लोक फार लक्षपूर्वक ऐकतात.

डॉक्टरांनी भिंगातून सुनंदाबाईंचे गाल पाहिले आणि एक मलम लिहून दिलं. अ जीवनसत्त्वापासून केलेलं नवं औषध आहे, म्हणाले. मुरुमावर चालतं, डागही हळूहळू फिकट करतं. पण समजून लावावं लागतं.

"रात्रीच लावायचं. तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग सगळ्या चेहऱ्याला मिळून डाळीच्या दाण्याएवढं. डोळ्यांजवळ नाही, नाकाच्या कोपऱ्यात नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. कोरडं वाटलं तर वरून साधं व्हॅसलीन. दिवसा उन्हात जायचं नाही, गेलातच तर छत्री. आणि तीन महिने धीर धरायचा. आणि—" इथे डॉक्टरांचे कान लाल झाले, "घरात पाळणा हलण्याचा संभव असेल तर हे औषध मुळीच चालत नाही."

"आमची थोरली कॉलेजात आहे हो," सुनंदाबाई म्हणाल्या. डॉक्टरांचे कान पूर्ववत झाले.

मलम जळगावात नव्हतं. औषधांचे दुकानदार रतिलालभाई चिठ्ठी दिव्यापाशी धरून म्हणाले, "साहेब, आ तो मुंबईशिवाय नाय मिळणार. मागवतो." आणि त्यांनी मागवलंही. पण ते दुकानात येण्याऐवजी ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकलं, कारण खोक्यावर औषधाच्या नावात 'ॲसिड' असं छापलेलं होतं.

"ॲसिड आम्ही असं देत नाही," गोदामाचे मॅनेजर म्हणाले. "मागे एकाने सोडायला लावलं, तर साड्यांचा गठ्ठा जळाला. परवानगी आणा."

"कोणाची?"

"ते तुम्ही आणल्यावर कळेल."

लीलाधररावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगितलं होतं. पण हे वाक्य खिडकीच्या बाहेरच्या बाजूने ऐकायला किती वेगळं लागतं, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी अर्ज केला. अर्जावर तिकीट नाही म्हणून परत आला. तिकीट लावलं, तर डॉक्टरांची सही मागितली. डॉक्टरांची सही आणली, तर 'हे तर गुप्तरोगवाले' असं म्हणत मॅनेजरने तो अर्ज दोन बोटांच्या चिमटीत धरला. शेवटी तोडगा निघाला तो असा: ज्याला माल पाहिजे त्याने तो सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताला लावून दाखवावा. जळला तर ॲसिड, नाही जळला तर माल.

लीलाधररावांनी सरकारी नोकराला शोभेल अशा धैर्याने बाही वर केली, मनगटावर मलम फासलं आणि डोळे मिटले. गोदामातली माणसं गोळा झाली. काहीही झालं नाही. थोडा वेळ थांबून लोक निराश होऊन आपापल्या पोत्यांकडे गेले.

मलम सुटलं. पण त्याचबरोबर लीलाधररावांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली, की हे औषध फार सौम्य आहे. पुढे जे घडलं त्याची सुरुवात इथे झाली.

*

पहिला प्रश्न मापाचा निघाला. डॉक्टर म्हणाले होते, डाळीच्या दाण्याएवढं. मुंबईत हे वाक्य चालून जात असेल. जळगावात, जिथे निम्मं गाव डाळ भरडतं आणि उरलेलं निम्मं ती पाखडतं, तिथे असं मोघम बोलणं चालत नाही.

घरमालकीण सुगनबाई राजस्थानातून आलेल्या व्यापारी घराण्यातल्या. त्यांच्या मुलांची दाल मिल होती. त्या जिन्यातूनच म्हणाल्या, "लीलाधरभाऊ, दाणा म्हणजे अख्खा. डाळ म्हणजे त्याची अर्धी. डाळीचा दाणा असतोच कुठं? असा माल आमच्याकडे आला तर आम्ही परत पाठवू."

"मग काय समजायचं?"

"कुठली डाळ ते सांगितलं का? मूग आणि हरभरा यात किती फरक! आणि भरडण्याच्या आधी आम्ही पाणी देतो, तेव्हा दाणा फुगतो. डॉक्टर कोरड्याचं बोलले की भिजलेल्याचं?"

लीलाधररावांनी कबूल केलं, की हे आपण विचारलेलं नाही.

मंजुळाबाई अमळनेरकडच्या खेड्यातल्या. त्यांचा औषधोपचारावर एकच सिद्धान्त होता. त्यांनी मलमाचा वास घेतला, बोटाला थोडं लावून पाहिलं आणि विचारलं, "झोंबस का?"

"नाही."

"मंग हाई काय औशिद शे? झोंबस तेच लागू पडस."

ज्या मुलखात भाजीवर तेलाचा लाल तवंग नसेल तर पाहुणा आजारी आहे असं समजतात, तिथे हे म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. दोघींचं मत लक्षात घेऊन, कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं, या सरकारी धोरणानुसार शेवटी माप ठरलं: रात्रभर भिजवलेला काबुली चणा.

दुसरा प्रश्न मुदतीचा. डॉक्टर म्हणाले तीन महिने. आखाजी जेमतेम महिन्यावर आली होती. इथे लीलाधररावांचा खरा अनुभव कामाला आला. त्यांच्या कचेरीत वर्षभर कुठलंही काम होत नसे. एप्रिलमध्ये मंजुरी यायची, पावसाळ्यात ती हरवायची, दिवाळीनंतर सापडायची आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वर्षाचे रस्ते, मोऱ्या, विहिरी, रंगरंगोटी हे सगळं एकदम पुरं व्हायचं. कागदावर तर व्हायचंच. लीलाधररावांनी असे किती मार्चएंड पार पाडले होते. तीन महिन्यांचं काम एका महिन्यात बसत नाही, असं त्यांना अजून कोणी पटवू शकलेलं नव्हतं.

"हे बघ," त्यांनी सुनंदाबाईंना समजावलं, "एकूण मलम तेवढंच जाणार आहे. आपण फक्त ते लवकर खर्ची टाकतोय. आठवड्यातून दोनदाच्या ऐवजी रोज दोनदा. सकाळी एकदा, रात्री एकदा."

"पण डॉक्टर रात्रीच म्हणाले होते."

"ते तीन महिन्यांच्या हिशेबाने."

सुनंदाबाईंच्या चेहऱ्यावर शंका दिसली. ती दूर करण्यासाठी लीलाधररावांनी एक त्याग केला. स्वतःच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूलाही त्यांनी तेच मलम लावायला घेतलं. उजवी बाजू तुलनेसाठी मोकळी ठेवली. याला ते 'नमुना पाहणी' म्हणत.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मंजुळाबाई रोज विचारायच्या, "झोंबस का?" आणि सुनंदाबाई खालच्या मानेने "नाही" म्हणायच्या, जणू दोष त्यांच्याच कातडीचा होता. मग माप आणखी थोडं वाढलं. सकाळचा हप्ता लागला की सुनंदाबाई गच्चीवर जायच्या, कारण ते दिवस वाळवणाचे होते. कुरडया, पापड, सांडगे. गच्चीवर ऊन असं पडायचं, की पापड टाकून मागे वळेपर्यंत पहिल्या पापडाच्या कडा वर आलेल्या असायच्या. त्या उन्हात, चेहऱ्यावर काबुली चणाभर ॲसिड लावून, सुनंदाबाई कावळे हाकत बसायच्या. लीलाधरराव अर्धा चेहरा घेऊन सायकलवरून कचेरीत जायचे. जाताना ऊन डावीकडून यायचं.

आणि एका सकाळी झोंबलं.

"मंजुळाबाई! झोंबतंय!" सुनंदाबाई गच्चीवरून ओरडल्या. खाली आनंद पसरला. सुगनबाईंनी वरून विचारलं, "बघा, भिजलेलाच बरोबर होता ना?" लीलाधररावांनी डाव्या गालाला हात लावून पाहिला आणि त्यांनाही समाधान वाटलं. गाल गरम लागत होता. प्रकल्पाने गती घेतली होती.

दोन दिवसांत त्या गतीने सगळ्यांना मागे टाकलं. सुनंदाबाईंचा चेहरा आधी गुलाबी झाला. तेव्हा मंजुळाबाई म्हणाल्या, "रंग उजळना!" म्हणजे उजळला. मग तो लाल झाला. मग कातडी सुटू लागली, आधी नाकाच्या कडेला, मग गालांवर. कच्च्या भिंतीला दिलेला चुना उन्हाळ्यात सुटतो, तसे पोपडे. त्यावर मंजुळाबाईंनी बेसन आणि हळद चोळली. सुगनबाईंकडून लिंबू आलं. लिंबाच्या बाबतीत 'झोंबस का' हे कोणाला विचारावं लागलं नाही. ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

घरातलं जेवण बदललं. शेवभाजीची वाफ गालाला सोसेना, म्हणून ज्या घरात मिरचीचा खकाणा हा स्वयंपाक झाल्याचा पुरावा मानला जायचा, तिथे दूधभात शिजू लागला. मुलं तक्रार करत नव्हती. आईबापांच्या चेहऱ्याकडे बघून ती मुकाट जेवत आणि अभ्यासाला बसत. त्या वर्षी त्यांना मार्क चांगले पडले.

कचेरीत लीलाधररावांची स्थिती आणखी नाजूक होती. उजवीकडून बघणाऱ्याला ते हेडक्लार्क दिसत आणि डावीकडून बघणाऱ्याला भाजलेलं वांगं. ज्यांचं टेबल डावीकडे होतं ते त्यांच्याशी बोलताना आदराने दूर उभे राहत. चहाच्या दुकानातल्या त्या दोघा सहकाऱ्यांनी पाटीचा दुसरा अर्धा भाग सगळ्यांना आधीच वाचून दाखवला होता. एके दिवशी लीलाधररावांच्या लक्षात आलं, की माठावरच्या पेल्याशेजारी एक नवा पेला आला आहे आणि बाकी सगळे त्यानेच पाणी पितात. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नेरकर, माणूस आहे. चुका होतात. रजा पाहिजे असेल तर घ्या."

"साहेब, हे जीवनसत्त्व आहे!"

"हो हो," साहेब म्हणाले. "आपण तसंच म्हणू."

*

त्या संध्याकाळी लीलाधरराव घरी आले तेव्हा आरशावर पंचा टाकलेला होता. सुनंदाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"धुळ्याला निरोप द्या," त्या म्हणाल्या. "मी येत नाही."

"अगं, अजून आठ-दहा दिवस—"

"वांग होतं तेव्हा निदान चेहरा होता." एवढं बोलून त्या उठल्या आणि दूधभात लावायला गेल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच लीलाधररावांना एखादं काम मुदतीत पुरं व्हावं असं मनापासून वाटलं होतं. आणि नेमकं तेच असं झालं होतं. त्यांनी बायकोला डॉक्टरांकडे नेलं. चहाच्या दुकानाकडे यावेळी त्यांनी बघितलंही नाही. डावा गाल दुकानाच्या बाजूला होता. आता काही लपवण्यासारखं उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. काबुली चण्याशी ते एकदा थांबले, लिंबाशी त्यांनी डोळे मिटले.

"नेरकर," ते म्हणाले, "औषध चांगलं आहे. तुम्ही वाईट आहात."

"पण गोदामात मी हाताला लावलं तेव्हा काही—"

"मनगटाची कातडी चेहऱ्याच्या कातडीहून जाड असते. आणि हे एका दिवसात बोलत नाही. आठवडाभराने बोलतं. तोवर माणसाने वाढवून ठेवलेलं असतं." त्यांनी सुनंदाबाईंकडे वळून आवाज खाली आणला. "ताई, आता सगळं बंद. मलम बंद, बेसन बंद, लिंबू तर बंदच. गार पाण्याने तोंड धुवायचं, व्हॅसलीन लावायचं, उन्हापासून जपायचं. भरून येईल. पुरतं बरं झाल्यावर, पावसाळ्यात, मी सांगेन तसं परत सुरू करू. मुगाच्या डाळीएवढं. कोरड्या." मग पुन्हा लीलाधररावांकडे बघून, "कातडी म्हणजे कचेरी नव्हे. तिला मार्चएंड नसतो."

घरी परत येताना सुनंदाबाई छत्रीखाली होत्या आणि लीलाधरराव छत्रीबाहेर. एका छत्रीत दोघं मावत होती, पण कोणी तसं सुचवलं नाही.

*

निरोप लीलाधररावांनी दिलाच नाही. देऊ, देऊ म्हणत राहिले. कागद पुढे न सरकवणं एवढं एकच कौशल्य त्यांना चांगलं येत होतं आणि यावेळी ते उपयोगी पडलं, कारण आखाजीच्या आदल्या दिवशी सुनंदाबाईंचा भाऊ हिलाल मुराळी म्हणून दारात उभा राहिला. बहिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. मुराळ्याला जेवू घालता येतं, थांबवता येतं; रिकामा परत पाठवता येत नाही. तसं केलं तर गाव वर्षभर त्या घराला नावं ठेवतं.

हिलालभाऊ आडदांड, शेतीवाडीतला माणूस. त्यांनी बहिणीकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढली.

"काय व्हयनं वं, सुनंदा?"

मग त्यांची नजर लीलाधररावांच्या डाव्या बाजूवर गेली आणि तिथे थोडा वेळ थांबली.

"आनि दाजीसले बी?" त्यांनी हळूच विचारलं. "कोनी कोनले मारं?"

सुनंदाबाईंना हसू आलं. कित्येक दिवसांत आलं नव्हतं, आणि हसल्यावर गाल तडतडले म्हणून त्या कळवळल्या, आणि कळवळताना पुन्हा हसल्या. मग त्यांनी भावाला सगळं सांगितलं. हिलालभाऊंनी ते दोनदा ऐकलं. चण्याचा भाग तर तीनदा. शेवटी डोळे पुसून म्हणाले, "ते बठ्ठं ठीक शे. मी तुले लेवाले येल शे, लीसनच जासू." न्यायला आलेला माणूस नेल्याशिवाय हलणार नव्हता.

"असं तोंड घेऊन?"

"मंग कोनं तोंड लेवानं?" भाऊ म्हणाला.

लीलाधररावही सोबत निघाले. धुळ्याच्या एसटीत सुनंदाबाई खिडकीपासून लांब, पदर ओढून, आणि वर उघडी छत्री धरून बसल्या. कंडक्टर म्हणाला, गाडीत छत्री उघडता येणार नाही. लीलाधरराव म्हणाले, तसा नियम दाखवा. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत दोघंही नियमांवर बोलत होते. छत्री तशीच राहिली. त्या प्रवासात लीलाधरराव जे बोलले, ते त्यांच्या सबंध नोकरीतलं एकमेव उपयुक्त भाषण होतं, असं सुनंदाबाईंचं पुढे मत पडलं.

धुळ्यात गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाला झोका बांधलेला होता. तिघीजणी तिथेच होत्या. मालेगावच्या कापडवाल्यांकडे दिलेली कुसुमलता, केसांत चांदी घेऊन आलेली भागाबाई, आणि दोन दात गमावूनही पूर्वीइतकीच बोलणारी ताईबाई. सुनंदाबाईंनी पदर मागे केला. त्यांना वाटलं, आता ते होणार. ते न बोलणं.

भागाबाई दोन पावलं पुढे आली. "वं माय! सुनंदा, तुले कोनी सोलं?"

आणि चौघी लिंबाखाली बसून अशा हसल्या, की घराघरांतून माणसं बाहेर आली. वांगाबद्दल लोक गप्प बसतात. पण समोर बाई अर्धी सोलून आलेली असेल, तर गप्प बसणं माणसाच्या ताकदीबाहेरचं असतं. प्रत्येकीने तो गाल जवळून पाहिला, प्रत्येकीने आपलं दुखणं काढलं, ताईबाईने तोंड उघडून दातांच्या जागा दाखवल्या. कुसुमलताने तर मलमाचं नाव विचारलं आणि लीलाधरराव ते सांगायला पुढे झाले, तेव्हा सुनंदाबाई म्हणाल्या, "ह्यांना सोडून कोणालाही विचार."

त्या वर्षी गल्लीतले झोके ऊन उतरल्यावर सुरू झाले. सुनंदाबाईंना उन्हात बसायचं नव्हतं आणि त्यांच्याशिवाय कोणी बसायला तयार नव्हतं. सांज पडायच्या वेळी चौघी एका झोक्यावर उभ्या राहिल्या. गाणी झाली. त्यांतल्या एकाच कडव्यात, ऐन वेळी रचून, एका हेडक्लार्कचा समाचार घेतला गेला. लीलाधरराव ओट्यावर हिलालभाऊंशेजारी बसले होते. झोका वर जाई तेव्हा त्यांना बायको दिसे आणि खाली येई तेव्हाही दिसे. वीस वर्षांनी ते घड्याळाचे काटे बघत होते. फांदी करकरत होती, पण टिकली.

निघायच्या आधी कुसुमलतेने हट्ट धरला, की चौघींचा एक फोटो काढायचाच. स्टुडिओत मागे पडद्यावर रंगवलेलं तळं होतं आणि तळ्यात हंस. फोटोग्राफरने चौघींना इकडून तिकडे पुष्कळदा हलवलं, हनुवट्या वर-खाली केल्या, आणि मग काळ्या कापडातून डोकं काढून नेहमीचा प्रश्न विचारला.

"टचिंग करून देऊ ना? डाग, वांग, सुरकुत्या, सगळं काढून टाकतो. काचेवर पेन्सिल फिरवली की झालं. वेगळे पैसे नाहीत."

लीलाधरराव स्टुडिओच्या भिंतीला टेकले. अर्ज, गोदाम, चणा, पेला, साहेब, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं आणि तळ्यातल्या हंसांमागे नाहीसं झालं.

"करा, करा," तिघी एकदम म्हणाल्या.

"माझं नको हो भाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या. "काय काढायचं ते ह्यांनी काढलंय."

पुढे पावसाळ्यात मलम परत सुरू झालं. मुगाच्या डाळीएवढं, रात्री, एक दिवसाआडही नाही, त्याहून सावकाश. छत्री होतीच. नळी सुनंदाबाईंच्या ट्रंकेत कुलपात होती आणि किल्ली कमरेला. दिवाळीपर्यंत वांग निम्म्याने फिकं झालं. उरलेल्या निम्म्याविषयी मग त्यांनी कधी बोलणं काढलं नाही.

फोटो मात्र बैठकीच्या खोलीत लागला. पुढच्या उन्हाळ्यात कुसुमलता आणि भागाबाई जळगावला आल्या, तेव्हा दोघी चहा घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. धुळ्याच्या फोटोग्राफरची पेन्सिल मन लावून फिरली होती. हंसांच्या पुढे तीन चेहरे होते, एकाच साच्यातून काढलेल्या गौरींसारखे. गुळगुळीत, विशीतले, नाकडोळे सारखे. डावीकडची आपण, असं कुसुमलता म्हणाली. डावीकडची तर मी, असं भागाबाई म्हणाली. दोघींनी त्या एकाच चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि चहा निवेपर्यंत काढलं नाही. लीलाधररावांना पंच म्हणून बोलावलं. त्यांनी तिसऱ्याच चेहऱ्याकडे बघून दोघींची नावं घेतली.

चौथ्या चेहऱ्यावर, गालाची कातडी सुटलेल्या, पापण्यांपर्यंत हसणाऱ्या, कोणीच हक्क सांगितला नाही. तो बिनविरोध सुनंदाबाईंचा होता.